बेल्हारचा अंगीकार : वर्णभेदाविरुद्ध एका ख्रिस्ती मंडळीची जाहीर ग्वाही

समतेवर आपला विश्वास आहे असे मनाशी म्हणणे सोपे असते. तेच चारचौघांत, आपल्याच माणसांसमोर, नुकसान सोसण्याची तयारी ठेवून म्हणणे अवघड असते. व्यक्तीपेक्षाही धर्मसंस्थेला हे अधिक अवघड जाते. धर्मसंस्थेच्या पाठीशी जुने ग्रंथ, जुन्या चालीरीती आणि वर्षानुवर्षांचे देणगीदार असतात. यांपैकी कोणालाच दुखवायचे नाही असे एकदा ठरवले की अन्यायाबद्दल बोलायला जागाच उरत नाही. म्हणून एखादा धार्मिक समाज अन्यायाविरुद्ध उघड भूमिका कशी घेतो आणि ती घेतल्यानंतर काय करतो, याचा अभ्यास आपल्या संस्थेच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी करावा असे आम्हास वाटते.

या लेखासाठी आम्ही दक्षिण आफ्रिकेतील एका ख्रिस्ती मंडळीचे उदाहरण निवडले आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती बांधव ‘मंडळी’ हा शब्द एकत्र उपासना करणारा समाज या अर्थाने वापरतात. आम्हीही त्याच अर्थाने तो वापरतो. तसेच ‘वर्णभेद’ या शब्दात येथे वर्ण म्हणजे कातडीचा रंग समजावा. आपण बौद्ध आहोत. ईश्वर, तारणहार या कल्पना आपण मानत नाही. तरीही त्या भाषेत त्या लोकांनी जे सांगितले आणि जे केले, त्यातून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे.

प्रभुभोजनाच्या मेजापासून सुरुवात

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे, वसाहत वसवली. वसाहतवाल्यांबरोबर त्यांचे डच रिफॉर्म्ड चर्चही आले. पुढे गुलाम, स्थानिक खोईखोई लोक आणि मिश्र संततीचे लोक ख्रिस्ती होऊ लागले, तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. ख्रिस्ती लोक येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस एकत्र घेतात. त्याला प्रभुभोजन म्हणतात. काळ्या माणसाने गोऱ्या माणसाबरोबर एकाच मेजावर हे भोजन घ्यावे काय?

१८२९ साली केपच्या सिनडने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, याचे स्वच्छ उत्तर दिले. रंग किंवा कूळ न पाहता सर्वांना एकत्रच प्रभुभोजन द्यावे, हे देववचनावर आधारलेले तत्त्व आहे आणि त्यावर मतदान घेण्याचीही गरज नाही, अशी तिची भूमिका होती. परंतु अठ्ठावीस वर्षांनी, १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे उठाव झाला त्याच वर्षी, त्याच सिनडने वेगळा ठराव केला. सर्वांनी एकत्र उपासना करणे इष्ट व शास्त्राला धरून आहे हे तिने मान्य केले. पण काही जणांच्या ‘दुर्बलते’मुळे कार्यात अडथळा येत असेल, तर ख्रिस्ती झालेल्या काळ्या लोकांसाठी वेगळ्या इमारतीत उपासनेची सोय करावी, अशी सवलत तिने दिली.

ही दुर्बलता कोणाची होती? ज्यांना काळ्या माणसाशेजारी बसवत नव्हते त्या गोऱ्यांची होती. त्यांची अडचण दूर करण्यासाठी काळ्या माणसाला बाहेर बसवण्यात आले. आपल्या वाचकांना हा युक्तिवाद नवा वाटणार नाही. ‘तत्त्व मान्य आहे, पण लोक अजून तयार नाहीत’ हे वाक्य आपल्या पूर्वजांनी पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात अनेकदा ऐकले आहे.

सवलतीचा नियम झाला, नियमाचा कायदा झाला

सवलत म्हणून दिलेली गोष्ट लवकरच रीत बनली. १८८१ साली मिश्रवर्णीय लोकांसाठी डच रिफॉर्म्ड मिशन चर्च हे वेगळे चर्च स्थापन झाले. काळ्या आफ्रिकनांची चर्चे वेगळी झाली आणि १९६३ मध्ये ती एकाच संघटनेखाली आणली गेली. १९६८ मध्ये भारतीयांसाठी चौथे चर्च निघाले. १८६० पासून नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या आपल्या देशबांधवांच्या वंशजांनाही अशा प्रकारे या उतरंडीत एक पायरी मिळाली. देव एक, ग्रंथ एक, मतप्रणाली एक आणि चर्चे मात्र चार!

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे राजकारणात येण्यापूर्वी याच गोऱ्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. १९४९ मध्ये गोऱ्या व इतर वंशीयांच्या विवाहावर बंदी आली. १९५० च्या कायद्याने कोणी कोठे राहायचे हे रंगावरून ठरू लागले. केपटाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि तेथील लोकांना शहराबाहेरच्या रेताड सपाटीवर हलवण्यात आले. शासन जे कायद्याने करत होते, त्याचा नमुना चर्चने आधीच घालून दिला होता. १९७४ मध्ये तर गोऱ्या चर्चने एका अधिकृत अहवालात बायबलमधील बाबेलच्या बुरुजाच्या कथेचा आधार घेऊन वंशांचे वेगळेपण शास्त्रसंमत ठरवले.

आतून उठलेले आवाज

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली. त्यानंतर डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गमधील कॉटेस्लो येथे अनेक चर्चांची परिषद भरली. गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनीही तेथे वर्णभेदावर टीका करणाऱ्या निवेदनाला संमती दिली. पंतप्रधान व्हर्वुर्ड नाराज झाले आणि पुढच्याच वर्षी त्या चर्चच्या सिनडांनी आपल्याच प्रतिनिधींचे म्हणणे झिडकारले.

त्या प्रतिनिधींत बेयर्स नोडे हे गोरे आफ्रिकानेर पाळक होते. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. १९६३ मध्ये वर्णभेदविरोधी काम करणारी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट ही संस्था त्यांनी काढली आणि त्यासाठी पाळकपद सोडले. १९७७ मध्ये सरकारने संस्थेवर आणि त्यांच्यावर बंदी घातली. आपल्या समाजात राहून आपल्या समाजाविरुद्ध बोलण्याची किंमत किती असते, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

ओटावा आणि बेल्हार, १९८२

आता आपण मुख्य घटनेकडे येऊ. ऑगस्ट १९८२ मध्ये रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक आघाडीची सभा कॅनडातील ओटावा येथे भरली. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या काही कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय प्रतिनिधींनी तेथील प्रभुभोजनात भाग घेण्यास नकार दिला. मायदेशी ज्यांच्या मेजावर आम्हाला जागा नाही, त्यांच्याबरोबर परदेशात एका मेजावर बसून एकतेचा देखावा आम्ही करणार नाही, असा त्या नकाराचा अर्थ होता. सभेने वर्णभेद हे पाप आहे आणि त्याचे धार्मिक समर्थन हे पाखंड आहे असे जाहीर केले. दोन गोऱ्या आफ्रिकानेर चर्चांचे सभासदत्व स्थगित झाले. मिशन चर्चचे पाळक अ‍ॅलन बुसाक हे आघाडीचे अध्यक्ष निवडले गेले.

दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मिश्रवर्णीयांच्या मिशन चर्चची सिनड केपटाऊनजवळील बेल्हार येथे भरली. बेल्हार ही त्याच सपाटीवरील मिश्रवर्णीयांची वस्ती. वर्णभेद ख्रिस्ती शिकवणुकीच्या विरोधात आहे असे या चर्चने १९७८ मध्येच म्हटले होते. आता ती एक पाऊल पुढे गेली. आमच्या श्रद्धेचे सत्यच पणाला लागले आहे, अशा वेळी गप्प राहणे म्हणजे श्रद्धा सोडणे होय, असे तिने घोषित केले. असे म्हटले की नुसता निषेधाचा ठराव पुरत नाही. आम्ही काय मानतो हे नव्याने लिहावे लागते. सिनड चालू असतानाच एका छोट्या समितीने मसुदा तयार केला. तोच बेल्हारचा अंगीकार. अंगीकार म्हणजे आम्ही हे मानतो व त्याप्रमाणे वागण्यास बांधील आहोत, अशी जाहीर ग्वाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिश्रवर्णीय व काळी चर्चे पैशासाठी बऱ्याच अंशी गोऱ्या चर्चवर अवलंबून होती. म्हणजे ज्यांच्या मदतीवर मंडळीचा संसार चालत होता, त्यांच्याच शिकवणुकीला ही मंडळी खोटी म्हणत होती.

अंगीकारात काय आहे?

हा दस्तऐवज लहान आहे. त्याचे पाच भाग आहेत. पहिल्या भागात देव मंडळीला एकत्र आणतो व राखतो हे सांगितले आहे. दुसरा भाग एकतेविषयी आहे. एकता ही मनातल्या मनात मानायची गोष्ट नाही, ती डोळ्यांना दिसली पाहिजे, असे तो म्हणतो. वंश, कूळ किंवा सामाजिक दर्जा पाहून सभासदत्व ठरवणारी शिकवण तो नाकारतो. तिसरा भाग समेटाविषयी आहे. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशात माणसांना वंशावरून सक्तीने वेगळे केले, तर द्वेष व शत्रुत्वच वाढते, असे तो बजावतो. चौथा भाग न्यायाविषयी आहे. देव विशेषेकरून निराधारांच्या, गरिबांच्या आणि अन्यायग्रस्तांच्या बाजूला उभा असतो, म्हणून मंडळीनेही तेथेच उभे राहिले पाहिजे, असे त्यात प्रतिपादन आहे. पाचव्या भागात, सत्ताधीशांनी मनाई केली आणि शिक्षा भोगावी लागली तरी हे आचरणात आणायचे, अशी बांधिलकी आहे.

मधल्या तिन्ही भागांची मांडणी सारखीच आहे. आधी ‘आम्ही मानतो’ आणि शेवटी ‘म्हणून आम्ही नाकारतो’. काय नाकारतो हे न सांगता काय मानतो एवढेच सांगितले असते, तर वर्णभेदाचे समर्थकही त्याखाली सही करू शकले असते. सर्व माणसे देवाची लेकरे आहेत हे त्यांनाही मान्यच होते! मात्र दस्तऐवजात ‘अपार्थाईड’ हा शब्द कोठेही नाही. त्यामुळे तो त्या राजवटीबरोबर कालबाह्य झाला नाही.

अंगीकाराबरोबर एक पत्रही जोडलेले आहे. आमचा रोख अमुक माणसांवर किंवा अमुक चर्चवर नसून खोट्या शिकवणुकीवर आहे, असे त्यात म्हटले आहे. ही तलवार दुधारी आहे आणि आम्हीही दोषमुक्त नाही, अशी कबुलीही त्यात आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच हे लिहिले, हे येथे विसरू नये.

शब्दानंतर कृती

सिनडने मसुदा केला, पण तो लगेच लादला नाही. चार वर्षे गावोगावच्या मंडळ्यांनी त्याच्यावर चर्चा केली. १९८६ च्या सिनडमध्ये तो विधिपूर्वक स्वीकारला गेला. त्या वर्षी जूनपासून देशभर आणीबाणी लागू होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते.

पुढची परीक्षा एकतेची होती. एप्रिल १९९४ मध्ये, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या काही दिवस आधी, मिश्रवर्णीयांचे मिशन चर्च आणि काळ्या आफ्रिकनांचे चर्च एकत्र आले. युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च हे त्यांचे नवे नाव. नावात ‘एकत्र झालेले’ असे न म्हणता ‘एकत्र होत असलेले’ म्हटले, कारण गोरे व भारतीय चर्च अजून बाहेर होते. दोन वेगळ्या पायऱ्यांवर बसवलेल्या माणसांनी आपापली पायरी सोडली, हे आम्हास या कहाणीतील सर्वांत मोलाचे वाटते.

गोऱ्या चर्चची वाटचाल सावकाश झाली. १९८६ मध्ये त्याने सभासदत्व सर्वांना खुले केले, तेव्हा पुढच्या वर्षी काही गोरे बाहेर पडले आणि त्यांनी फक्त गोऱ्यांचे नवे चर्च काढले. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथील परिषदेत स्टेलनबॉशचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने अपराधाची जाहीर कबुली दिली, व आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी तिचा तेथेच स्वीकार केला. तरीही बेल्हारचा अंगीकार घटनेत समाविष्ट करण्याचा प्रस्ताव गोऱ्या चर्चच्या मंडळ्यांपुढे आला, तेव्हा २०१५ पर्यंत त्याला आवश्यक ती दोन-तृतीयांश संमती मिळाली नाही. याउलट अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्चने तो २०१० मध्ये आणि तेथील प्रेस्बिटेरियन चर्चने २०१६ मध्ये आपला म्हणून स्वीकारला. दूरच्या लोकांना जो शब्द पटतो, तो घरच्यांना पटायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट लपवू नये. अ‍ॅलन बुसाक यांना १९९९ मध्ये देणगीच्या पैशांतील गैरव्यवहाराबद्दल शिक्षा झाली. २००५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. तरी बेल्हारच्या अंगीकाराचे मोल त्यामुळे उणे झाले नाही, कारण तो एका पुढाऱ्याचा नव्हता. चार वर्षे चर्चा करून साऱ्या मंडळीने तो आपलासा केला होता.

आपण काय घ्यावे?

या अभ्यासातून जाहीर ग्वाहीच्या चार कसोट्या आम्हास दिसतात. ती काय नाकारते हे स्पष्ट असावे. ती बोलणाऱ्यालाही लागू असावी. ती सर्व सभासदांनी समजून स्वीकारलेली असावी. आणि तिच्यामुळे रोजच्या व्यवहारात काही तरी बदललेले दिसावे.

आपल्या परंपरेत या चारही गोष्टी आहेत. विनयपिटकातील चुल्लवग्गात कथा आहे. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली याला आपल्या आधी प्रव्रज्या द्यावी अशी विनंती त्यांनीच तथागतांना केली. उपाली ज्येष्ठ ठरला आणि राजकुमारांना त्याला वंदन करावे लागले. कुळाचा अभिमान गळावा म्हणून संघात बसण्याचा क्रमच बदलला गेला. उपोसथाच्या दिवशी भिक्खू एकत्र जमून पातिमोक्खाचे पठण करतात, त्यामागेही आपले आचरण संघासमोर पारखण्याचाच हेतू आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन केले, तेव्हा काय नाकारायचे ते जगाला दाखवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत नाकारणे आहे आणि स्वीकारणेही आहे. सर्व माणसे समान आहेत हे मानण्याबरोबरच समता स्थापन करण्यासाठी झटण्याचे वचन त्यांत आहे. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा आहे, असे तर बाबासाहेबांनी १९३६ मध्येच आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात लिहून ठेवले. धर्म बदलूनही जात सोबत येऊ शकते, हे त्यांनी भारतीय ख्रिस्ती समाजाच्या अभ्यासातून दाखवले होते. तो इशारा आपल्यालाही लागू आहे.

म्हणून आम्ही संस्थेच्या सभासदांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. वधू-वर सूचक नोंदवहीत पूर्वाश्रमीच्या पोटजातीचा रकाना नसावा, आणि पालकांनी तो तोंडीही विचारू नये. इतर समाजांतून धम्मात आलेल्या उपासक-उपासिकांना व्यासपीठावर सत्कारापुरते न बोलावता कार्यकारिणीत जागा द्यावी. आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी बावीस प्रतिज्ञांचे सामुदायिक पठण झाल्यावर, त्या वर्षी पोटजातीची भिंत ओलांडून किती विवाह झाले, किती नवी कुटुंबे संस्थेशी जोडली गेली, याची माहिती सभेसमोर वाचावी. जमाखर्चाचा हिशेब आपण दरवर्षी मांडतो व तपासून घेतो. समतेचाही मांडावा.

१८५७ च्या ठरावाने दिलेली एक छोटी सवलत मोडायला त्या मंडळीला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. आपल्या घरात आणि विहारात अशी कोणती सवलत आपण देत आहोत, याचा शोध प्रत्येकाने घ्यावा, एवढीच विनंती.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे प्रश्न

१. केपच्या सिनडच्या १८२९ व १८५७ मधील भूमिकांत कोणता फरक आहे? ‘दुर्बलता’ या शब्दाचा उपयोग कसा केला गेला?

२. ‘आम्ही मानतो’ याबरोबर ‘आम्ही नाकारतो’ असे म्हणणे का आवश्यक ठरते? बावीस प्रतिज्ञांच्या आधारे लिहा.

३. उपालीच्या प्रव्रज्येच्या कथेतून संघाच्या रचनेविषयी काय कळते?

४. आपल्या वस्तीतील एक असा व्यवहार निवडा, ज्यात पोटजात अजून दिसते. तो बदलण्यासाठी संस्थेने काय करावे, ते दहा ओळींत लिहा.

भवतु सब्ब मंगलम्।